डुकराचे मांस घरी भाजण्याची निर्धोक रीत

डुकराचे मांस हे पौष्टिक अन्न आहे. त्यात उत्तम प्रतीची प्रथिने असतात आणि 'ब' वर्गातील थायामिन हे जीवनसत्त्व तर इतर जनावरांच्या मांसापेक्षा पुष्कळच अधिक असते. वराहपालनास जागा व भांडवल कमी लागते. मादी ११४ दिवसांत विते, एका वेतात अनेक पिले देते आणि सुधारित जातीची पिले आठ-दहा महिन्यांत विक्रीयोग्य होतात. तरीही आपल्याकडे या मांसाविषयी एक धास्ती आहे. ही धास्ती सर्वस्वी निराधार नाही. डुक्कर कसे पाळले गेले आणि मांस कसे शिजविले गेले, या दोन गोष्टींवर ते मांस पौष्टिक ठरेल की रोगकारक, हे अवलंबून असते. नाताळाच्या सुमारास अनेक घरांत गूळ-साखरेची झिलई दिलेले भाजके मांस केले जाते. त्याची निर्धोक रीत व त्यामागील कारणे या लेखात दिली आहेत.

छावणी आणि भाजणीची पद्धत

छत्रपती संभाजीनगर शहराला लागून असलेली छावणी ही मूळची निजामाच्या राज्यातील 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेच्या ठाण्याची जागा होय. या फौजेवर इंग्रज अधिकारी असत. देशभरातील अशा ठाण्यांतून पावाची भट्टी, मांसाचा अखंड तुकडा भाजण्याची पद्धत आणि त्यावर साखर-मोहरीचा लेप देण्याची चाल आसपासच्या वस्तीत उतरली. पश्चिम किनाऱ्यावर हीच चाल निराळ्या वाटेने आली. पोर्तुगीजांनी शिरका व लसूण यांत मांस मुरविण्याची रीत गोव्यात आणली व तेथील स्वयंपाकिणींनी तीत मिरची, लवंग व दालचिनी घालून ती आपली केली. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांतही सणासुदीला डुकराचे मांस होते. ज्या घरी भट्टी नसे तेथील मंडळी मसाला लावलेले मांस पाववाल्याच्या भट्टीत पाठवीत, आणि पाव काढून झाल्यावर उरलेल्या आचेवर ते भाजून येई.

गोड आणि खारट यांचा हा मेळ केवळ हौसेचा नाही. डुकराच्या मांसात चरबी अधिक असते व चरबीची चव जिभेवर रेंगाळते. आंबटाने ती चव हलकी होते, गोडाने मिठाचा व मसाल्याचा तिखटपणा सौम्य होतो आणि गुळाने पृष्ठभागास खरपूस रंग येतो. चीनमध्ये याच कामासाठी मध व सोयाबीनचा अर्क वापरतात, तर इंग्रजी घरांत लवंगा टोचून तपकिरी साखर लावतात. मराठवाड्यातील घरी हाच परिणाम गूळ, मोसंबीचा रस व चिंचेचा कोळ यांनी साधतो. जालना व संभाजीनगर हे मोसंबीच्या बागांचे जिल्हे असल्याने नाताळाच्या सुमारास हा जिन्नस सहज मिळतो.

रंगामुळे होणारी फसगत

गोड लेपाच्या भाजणीत सर्वांत मोठा धोका रंगाचा आहे. मांसाचा पृष्ठभाग कोरडा होऊन सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला म्हणजे तो तांबूस होऊ लागतो. साखरेमुळे ही क्रिया लवकर घडते. गुळात साध्या साखरेबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोजही असल्याने तो पांढऱ्या साखरेपेक्षाही लवकर रंग धरतो आणि लवकर करपतो. याउलट मांसाच्या आत उष्णता अतिशय संथपणे शिरते. दीड किलोच्या जाड तुकड्याचा गाभा तापावयास दीड-दोन तास लागतात.

याचा अर्थ असा की, आरंभीच गूळ लावून मोठ्या विस्तवावर मांस ठेवले तर पंधरा-वीस मिनिटांत बाहेरून सुरेख, चकचकीत, तांबूस कवच तयार होते. पाहणाऱ्यास वाटते की मांस भाजले. आत मात्र ते जवळजवळ कच्चेच असते. गृहिणी काळे पडण्याच्या भीतीने ते त्याच वेळी उतरविते आणि नेमके येथेच पट्टकृमीला घरात वाट मिळते. म्हणून पहिला नियम असा : आधी गाभ्यापर्यंत शिजविणे, नंतर गोड लावणे. बाहेरचा रंग हा मांस शिजल्याचा पुरावा मानू नये.

पट्टकृमीचा फेरा

डुकराच्या पट्टकृमीस 'टीनिया सोलियम' असे शास्त्रीय नाव आहे. हा चपटा, फितीसारखा जंत माणसाच्या आतड्यात राहतो व दोन ते सात मीटरपर्यंत वाढतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावर शौचास बसण्याची चाल असेल आणि डुकरे मोकाट असतील, तर ती विष्ठा डुकराच्या पोटात जाते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे डुकराच्या स्नायूंत जाऊन बसतात. तेथे त्यांचे साबुदाण्याच्या दाण्याएवढे, पाण्याने भरलेले, पांढुरके फोड होतात. असे मांस कच्चे राहिले व खाल्ले गेले तर माणसाच्या आतड्यात पुन्हा जंत वाढतो आणि फेरा पूर्ण होतो.

पुढील गोष्ट ग्रामसेवकांनी विशेष लक्षात ठेवावी. आतड्यात जंत असलेल्या माणसाने शौचानंतर हात साबणाने धुतले नाहीत, अथवा त्याची विष्ठा भाजीच्या मळ्यात व पाण्यात मिसळली, तर जंताची अंडी थेट दुसऱ्या माणसाच्या पोटात जातात. मग डुकराच्या स्नायूंत होणारे तेच फोड माणसाच्या मेंदूत होतात आणि फेफरे येऊ लागते. अंडी कोथिंबीर, मुळा, मेथी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पाल्यावरून येत असल्याने, ज्याने जन्मात मांसास स्पर्श केला नाही त्यासही हा रोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा रोग मुरलेल्या अनेक प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या मुळाशी हेच कारण असते. फेफरे आले असता कांदा अथवा पायताण हुंगविण्याची चाल अद्याप खेड्यांत दिसते. तिने काहीही साधत नाही व उपचारास मात्र उशीर होतो. अशा रुग्णास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. मेंदूतील फोडांचे निदान करता येते व त्यावर उपचारही आहेत.

मांसाची निवड

मांस नेहमी परवानाधारक दुकानातून, पशुवैद्यकाने तपासलेल्या जनावराचेच घ्यावे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये मांस विक्रेत्यास नोंदणी अथवा परवाना आवश्यक आहे. रस्त्यावर, उकिरड्यावर फिरणारे डुक्कर कापून त्याचे मांस वाटून घेण्याची चाल सर्वथा टाळावी.

ताजे मांस फिकट गुलाबी, घट्ट व किंचित ओलसर असते. त्याची चरबी पांढरी व कठीण असते. चिकट पृष्ठभाग, हिरवट छटा वा आंबूस वास असल्यास ते घेऊ नये. खांदा, मांडी, जीभ व हृदय या भागांत फोड विशेष आढळतात. म्हणून मांस चिरून आतून पाहावे. एकही फोड दिसला तर ते मांस परत करावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. 'फोड असलेला भाग काढून बाकीचे खावे' हा सल्ला घातक आहे, कारण डोळ्यांना न दिसलेले फोड शिल्लक राहतात. उलटपक्षी, फोड दिसले नाहीत म्हणजे मांस निर्दोष आहे असेही समजू नये. मांस नीट शिजविणे हा प्रत्येक वेळी पाळावयाचा नियम आहे.

भाजण्यासाठी खांदा किंवा मागची मांडी घ्यावी. खांद्यात चरबी व जोडणारे तंतू अधिक असतात. हे तंतू ७० अंशांच्या पुढे दीर्घकाळ मंद आचेवर राहिले म्हणजे विरघळून मऊ होतात. त्यामुळे खांदा पूर्ण शिजविला तरी कोरडा पडत नाही. तुकड्याची जाडी चार बोटांपेक्षा अधिक ठेवू नये, म्हणजे उष्णता गाभ्यापर्यंत पोचण्यास अडचण येत नाही.

साहित्य

सहा ते आठ माणसांसाठी हाडाविना मांस दीड किलो घ्यावे. मुरविण्यासाठी मीठ २० ग्रॅम (सुमारे चार सपाट चहाचे चमचे), लसणाच्या १० ते १२ पाकळ्या, अंगठ्याएवढे आले, एक चमचा मिरे, चार लवंगा व दालचिनीचा बोटभर तुकडा पुरे होतो. झिलईसाठी चिरलेला गूळ १०० ग्रॅम, मोसंबीचा रस अर्धी वाटी, चिंचेचा दाट कोळ दोन मोठे चमचे, मोहरीची पूड एक चमचा, तिखट अर्धा चमचा आणि चिमूटभर मीठ घ्यावे.

भांडे जाड बुडाचे, पोलादी (स्टीलचे) अथवा नीट कल्हई केलेले पितळी असावे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात चिंचेचा कोळ घालू नये. आंबटामुळे धातू अन्नात उतरतो.

कृती

मसाला वाटून मिठासह मांसास सर्व बाजूंनी चोळावा. मिठाने प्रथम रस सुटतो, नंतर तोच खारट रस मांसात परत शोषला जातो व चव आतपर्यंत जाते. शीतकपाट असल्यास मांस झाकून रात्रभर त्यात ठेवावे. शीतकपाट नसल्यास अर्ध्या-पाऊण तासात चुलीवर चढवावे. मराठवाड्याच्या हवेत कच्चे मांस रात्रभर बाहेर ठेवणे म्हणजे ते नासण्यास सोडून देणे होय. शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यातील थंडीने पट्टकृमीच्या अळ्या मरत नाहीत, हेही ध्यानात असावे.

भांडे तापवून त्यात मांसाची चरबीची बाजू खाली ठेवावी. तिचीच चरबी सुटते. वेगळे तेल क्वचितच लागते. सर्व बाजू किंचित तांबूस झाल्या की पुढीलपैकी एक रीत अवलंबावी.

पहिली रीत प्रेशर कुकरची असून घरगुती वापरास ती सर्वांत खात्रीची आहे. मांसात एक वाटी गरम पाणी घालून कुकर बंद करावा. पहिली शिटी झाल्यावर आच मंद करून ३० मिनिटे ठेवावे व वाफ आपोआप जिरू द्यावी. कुकरच्या आत तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. एवढ्या उष्णतेत अळ्या जगण्याचा संभव राहत नाही.

दुसरी रीत पातेल्याची. एक वाटी गरम पाणी घालून घट्ट झाकण लावावे व मंद आचेवर पावणेदोन ते दोन तास शिजवावे. दर अर्ध्या तासाने तुकडा उलटावा. पाणी आटल्यास गरम पाणीच घालावे.

तिसरी रीत भट्टीची. घरी विजेची भट्टी असेल अथवा शेजारच्या पाववाल्याची भट्टी मिळत असेल तर १६० अंशांवर, भांडे झाकून, तितकाच वेळ ठेवावे.

मांस शिजले की नाही हे पाहण्यासाठी स्वयंपाकाचा तापमापक उत्तम. त्याचे टोक सर्वांत जाड भागाच्या मधोमध खुपसावे. अळ्या सुमारे ६० ते ६५ अंशांना मरतात. परंतु सर्व भाग सारखा तापत नसल्याने घरी ७५ अंशांचा दंडक पाळावा. तापमापक नसेल तर तुकडा सर्वांत जाड ठिकाणी मधोमध चिरून पाहावा. आत सर्वत्र पांढुरका-करडा रंग हवा. गुलाबी, लिबलिबीत भाग दिसल्यास किंवा लालसर रस आल्यास पुन्हा झाकून शिजवावे. चिरल्याने तुकड्याची शोभा जाते, हे खरे. परंतु झिलई दिल्यावर ती चीर दिसत नाही.

झिलई कशी द्यावी

मांस शिजत असताना दुसऱ्या भांड्यात गूळ व मोसंबीचा रस मंद आचेवर विरघळवावा. गाळून घेऊन त्यात चिंचेचा कोळ, मोहरीची पूड, तिखट व मीठ घालावे. मिश्रण चमच्याच्या पाठीस चिकटून राहील इतके दाट झाले की उतरवावे. थंड झाल्यावर ते आणखी दाट होते. म्हणून पक्का पाक होऊ देऊ नये. त्यातील थोडे मिश्रण वाढण्यासाठी आधीच वेगळे काढून ठेवावे.

आता शिजलेले मांस बाहेर काढून पुसून कोरडे करावे. पृष्ठभाग ओला असेल तर झिलई ओघळून जाते. उरलेला रस आटवून झिलईत मिसळला तर चव अधिक चांगली येते. मांसास झिलईचा पातळ हात द्यावा आणि भांडे पुन्हा मंद विस्तवावर ठेवून, झाकणाऐवजी वर लोखंडी तवा ठेवून त्यात निखारे घालावेत. खालची आच अगदी मंद व वरची जास्त असावी. दर पाच-सात मिनिटांनी नवा हात द्यावा. अशा तीन हातांत, म्हणजे सुमारे वीस मिनिटांत, खरपूस व चकचकीत कवच तयार होते. भट्टी असल्यास या वेळी २०० अंश ठेवावे. गुळाचा वास कडवट येऊ लागला तर ताबडतोब उतरवावे. करपलेला गूळ कशानेही सुधारत नाही.

निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत वापरू नये. थंडीमुळे दारे-खिडक्या लावून घेतल्यास कोळशाचा विषारी वायू कोंडतो व जिवास अपाय होतो. हे काम ओसरीवर अथवा अंगणात करावे.

उतरविल्यावर मांस दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. लगेच कापल्यास रस ताटात वाहून जातो. नंतर तंतूंच्या आडव्या दिशेने पातळ काप करावेत. दीड किलो कच्च्या मांसाचे सुमारे एक किलो भाजके मांस होते. ज्वारीची भाकरी अथवा पाव आणि मुळा-कांद्याची कोशिंबीर यांबरोबर ते चांगले लागते. मात्र ज्या विळीवर वा फळीवर कच्चे मांस कापले असेल, तीवर कोशिंबिरीचे जिन्नस चिरू नयेत. उरलेले मांस दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे, तीन दिवसांत संपवावे व खाण्यापूर्वी वाफ येईपर्यंत तापवावे.

वराहपालकांसाठी

मांसाची निर्दोषता स्वयंपाकघरात राखता येते; ती निर्माण व्हावयाची ती गोठ्यात. डुकरे बंदिस्त ठेवावीत. खाली पक्की फरशी, निचऱ्याची सोय व स्वच्छ पाणी असावे. घरातील व गोठ्यावर काम करणाऱ्या सर्व माणसांनी शौचालयच वापरावे. माणसाची विष्ठा डुकराच्या तोंडी लागली नाही की पट्टकृमीचा फेरा तेथेच तुटतो.

छावणी व शहराजवळच्या भागांत भोजनगृहांतील उष्टे स्वस्तात मिळते व ते डुकरांना घालण्याचा मोह होतो. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा प्राणघातक साथीचा रोग भारतात प्रथम २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. तो माणसास होत नाही. परंतु रोगी मांसाच्या उष्ट्यातून कळपच्या कळप दगावतात. यास्तव मांसाचे अवशेष असलेले उष्टे घालूच नये, व इतर खरकटेही निदान तासभर ढवळत उकळून, निववून द्यावे. एकाएकी अनेक डुकरे मरू लागल्यास मांस न विकता पशुसंवर्धन खात्यास त्वरित कळवावे.

निर्दोष मांसास मागणी असते. पंचवार्षिक योजनांच्या काळात अलीगढ, हरिणघाटा व मुंबईजवळ बोरिवली येथे शासकीय बेकन कारखाने उभारले गेले, ते याच विचाराने की, सुधारित जातीचे, बंदिस्त वाढविलेले व तपासलेले डुक्कर पालकास बरा भाव मिळवून देते. तो विचार आजही तितकाच खरा आहे.

ग्रामसेवकांनी काय करावे

छावणीच्या गुरुवारच्या आठवडी बाजारास आसपासच्या गावांतून शेतकरी येतात. अशा प्रसंगी व गावसभांत हा विषय मांडता येईल. काही समाजांत हे मांस निषिद्ध आहे, याचे भान ठेवून बोलावे. मांस खाणाऱ्या कुटुंबांनी शेजाऱ्यांच्या भावनांचा आदर राखून टाकाऊ भाग उघड्यावर न फेकता खोल पुरावेत. तसे केल्याने कुत्री व मोकाट डुकरेही त्यापासून दूर राहतात. मात्र शौचालय, हात धुणे व पालेभाजी स्वच्छ पाण्याने धुणे हा भाग सर्वांपुढे, मांस न खाणाऱ्यांपुढेही, आग्रहाने मांडावा. कारण मेंदूतील फोडांचा धोका सर्वांना सारखाच आहे.

सांगावयाचे मुद्दे थोडक्यात असे आहेत :

१. मोकाट डुकराचे मांस घेऊ नये. तपासलेले मांसच घ्यावे.

२. एकही फोड दिसल्यास सर्व मांस नाकारावे.

३. आधी गाभ्यापर्यंत शिजवावे. गुळाची झिलई शेवटच्या वीस मिनिटांतच द्यावी.

४. बाहेरच्या रंगावर विसंबू नये. तापमापकाने अथवा चिरून खात्री करावी.

५. शौचालय वापरावे, हात साबणाने धुवावेत, कच्ची पालेभाजी धुऊन खावी.

६. फेफरे येणाऱ्या रुग्णास दवाखान्यात न्यावे.

या सहा गोष्टी पाळल्या गेल्या तर नाताळाच्या पंगतीत वाढलेले मांस रुचकरही होईल आणि त्यापासून कोणाच्या घरी दुखणे येणार नाही.